निवेदनातलं तिसरं नाव

या रामनवमीला श्रीरामपुरात एका मंडळाच्या गीतरामायणाला गेले होते. गाणारी मुलं सुरेल होती. पण मंचावर वादक म्हणाल तर एकटा तबलजी. बाकी सारा वाद्यमेळ पेनड्राइव्हमधून वाजत होता. निवेदकांनी कवी गदिमांचं (ग. दि. माडगूळकरांचं) नाव घेतलं, संगीतकार बाबूजींचं (सुधीर फडक्यांचं) घेतलं आणि पुढच्या गाण्याकडे वळले. व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांचं नाव आलंच नाही. कार्यक्रम संपल्यावर मी निवेदकांना म्हटलं, "अहो, जोग तर आपल्या हरेगावचे!" त्यांना ते माहीत नव्हतं. तेव्हापासून हे मनाला लागून राहिलंय.

जोगांचा जन्म २५ डिसेंबर १९३२ चा, श्रीरामपूरजवळच्या हरेगावचा. प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस आला आणि हरेगावात साहेबी अमदानीतल्या बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, त्या काळातला. पुढे पुणं. गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे शिक्षण. घरची परिस्थिती बेताची, म्हणून बाराव्या वर्षापासून पुण्याच्या वाड्यांतून वादन. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ.

व्हायोलिन साहेबाचं, हे खरं. पण त्याच्या मानेवर पडदे नसतात. बोट हवं तिथे थांबतं, हवं तसं घसरतं, म्हणून मींड निघते. पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, हे जमत नाही. जॉन फोल्ड्स नावाचा मँचेस्टरचा संगीतकार १९३५ मध्ये भारतात आला, दिल्लीच्या रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. आपल्या वादकांना घेऊन त्याने वाद्यवृंद बांधला आणि पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला. १९३९ मध्ये तो कलकत्त्यात वारला. पुढच्याच वर्षी रेडिओने पेटी बंद केली. पेटी मला प्रिय आहे, ती बंदी मला कधीच पटली नाही. पण रेडिओवर गळ्यामागे सूर धरायला गजाची वाद्यं किती मोलाची झाली असतील, हे त्यावरून कळतं.

त्याच रेडिओवर, पुणे केंद्रावर, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झालं. वर्षभरात छप्पन्न गाणी. बावीस वर्षांचे जोग बाबूजींचे सहायक होते. सहायक म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. चाल बाबूजींची, पण तिचं स्वरलेखन करायचं, दोन कडव्यांमधले तुकडे वादकांकडून बसवून घ्यायचे, आणि स्वतःही गज हातात धरायचा. पुढे जाहीर कार्यक्रमांतही, शेकडो वेळा, ते बाबूजींबरोबर होते.

माझा काळ सत्तरच्या दशकातला. तेव्हा रामनवमीच्या यात्रेत पाळण्यांच्या गलक्यातूनही कर्ण्यावरचं गीतरामायण आमच्या ओट्यापर्यंत यायचं. आमचे अण्णा म्हणायचे, "शब्द सोडून दे, मागे काय चाललंय ते ऐक." मागे व्हायोलिन असायचं. मी गावातल्या एका व्हायोलिनच्या शिकवणीला सायकलवर जाऊ लागले. गजाला राळ लावता लावता गुरुजी जोगांबद्दल बोलत. 'लपविलास तू हिरवा चाफा' आणि 'स्वर आले दुरुनी' या चाली जोगांच्याच, हे मला तिथे कळलं. गुरुजी सांगत, "नवं अक्षर आलं की गज बदल, स्वर लांबला की गज तोच ठेव आणि बोट सरकव. ऐकणाऱ्याला शब्द ऐकू आले पाहिजेत." जोगांच्या वादनाला 'गाणारं व्हायोलिन' का म्हणतात, ते तेव्हा बोटांना समजलं. परक्या मुलखातून आलेल्या त्या लाकडाला हरेगावच्या माणसाने मराठी बोलायला शिकवलं होतं.

तेव्हाही एक गोष्ट खटकायची. कुठल्याही कार्यक्रमात गायकाला हार आणि वादकांना एकत्रित "साथीदार मंडळी" एवढीच ओळख. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. साथ करणाऱ्याचं नाव न घेण्याची सवय आपण पन्नास वर्षं जपली, म्हणून आज वादकच नसला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

हरेगावचा कारखाना बंद पडला, आमची शिकवणीही गेली. जोगांनी 'स्वर आले जुळून' हे आत्मचरित्र लिहिलं, त्यांना राज्याचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला. ३१ ऑक्टोबर २०२१ ला ते पुण्यात गेले. मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला हरेगावात लोटणाऱ्या गर्दीत हे नाव किती जणांना ठाऊक असेल, या विचाराने जीव तुटतो.

मंडळाच्या मुलांना मी घरी बोलावलं होतं. एक मुलगी व्हायोलिन शिकायला तयार झाली आहे. पुढच्या रामनवमीला एक गाणं तरी पेनड्राइव्हशिवाय होईल. आणि निवेदनाचा कागद मी लिहून देणार आहे. त्यात गदिमा आणि बाबूजींनंतर तिसरं नाव असेल, गावासकट.