हात टेकला आणि मनगट मोडले

पहाटेची वेळ. फज्रच्या वजूसाठी अम्मी मोरीकडे निघतात. धाराशिव जिल्ह्यात नळाला रोज पाणी येईलच असे नाही, म्हणून घरोघरी पिंप आणि हंडे भरून ठेवलेले असतात. त्यांतून सांडलेले पाणी शहाबादी फरशीवर साचते. पाय सरकतो, तोल जातो आणि हात आपोआप पुढे होतो. "नुसता हात तर टेकला," असे त्या म्हणतात. पण मनगट मोडलेले असते.

असे का होते? कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात: अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. मनगटावर येणारा सुमारे ८० टक्के भार एकटे रेडियस पेलते. पडताना मनगट मागे वळते. मग हाडाची तळहाताकडची बाजू ताणली जाते आणि पाठीकडची दाबली जाते. हाड दाब बराच सोसते, ताण मात्र कमी. म्हणून तडा तळहाताच्या बाजूने सुरू होतो आणि टोकाचा तुकडा मागे सरकतो. कोपर ताठ असेल तर धक्का एकदम बसतो. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी या मोडीचे वर्णन १८१४ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी केले. आजही तिला त्यांचेच नाव आहे.

पण दोष फक्त फरशीचा नसतो. रेडियसचे टोक आतून जाळीदार असते आणि पाळी बंद झाल्यावर ही जाळी झपाट्याने विरळ होते. म्हणून पन्नाशीनंतर उभ्या उभ्या पडून मनगट मोडले, तर तो हाडे ठिसूळ झाल्याचा इशारा समजावा. वय आणखी वाढले की हात वेळेवर पुढे होत नाही आणि धक्का खुब्यावर बसतो. खुबा मोडलेली दादी पुन्हा पूर्वीसारखी चालेलच, असे नाही. त्यामुळे प्लास्टर निघाले म्हणजे काम संपले असे मानू नका. डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

हात मोडल्यास बांगड्या आणि अंगठ्या लगेच काढा, कारण सूज चढते. पुठ्ठ्याचा आधार देऊन हात ओढणीच्या झोळीत ठेवा. चोळू नका, ओढू नका. दवाखान्यात एक्स-रे काढून घ्या. प्लास्टरमध्ये बोटे हलवत राहा. ती निळी किंवा बधिर पडली, तर तडक डॉक्टरांकडे जा. वजूत प्लास्टरवर मसह करण्याची सवलत आहे. तपशील आलिमांना विचारावा. सजद्यातही मनगट मागेच वळते, म्हणून डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत त्या हातावर भार देऊ नका.

आणि आजच करण्यासारखे थोडे: मोरीपाशी खरबरीत पायपुसणे, भिंतीला धरायला दांडी, पहाटे दिवा. जेवणात दूध, दही, तीळ. अंगणात किंवा गच्चीवर आडोशाला बसून हातांवर ऊन घ्या. अम्मींनी उंबरा ओलांडण्याआधी फरशी पुसून ठेवणे, हीसुद्धा त्यांची खिदमतच आहे.