रस्ता कुणाला विचारायचा? ट्रकचालक, फोनमधला नकाशा आणि घाट

पुण्याहून बंगळूरला माल घेऊन निघालेल्या एखाद्या जुन्या ट्रकचालकाला विचारा, "मामा, कुठल्या रस्त्यानं जाणार?" तो सांगेल, "चार नंबरनं." आता हा चार नंबर तुम्ही फोनमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही. 2010 साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पुणे-बंगळूरचा चार नंबर 48 झाला, मुंबई-गोव्याचा सतरा नंबर 66 झाला, पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा नऊ नंबर 65 झाला. पाट्या बदलल्या, नकाशे बदलले, पण ढाब्यावरची भाषा बदलली नाही. चालकाचा रस्ता आणि नकाशाचा रस्ता एकच असला तरी दोघांची नावं वेगळी आहेत, आणि नुसती नावंच वेगळी आहेत असंही नाही.

कळंबोलीत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत, हायवेवरच्या ढाब्यांवर मी चालकांशी या विषयावर बरंच बोललो आहे. जाताना माझ्या डोक्यात एक चित्र होतं: म्हातारे चालक नकाशाच्या विरोधात, तरुण त्याच्या बाजूनं. ते चित्र चुकीचं निघालं. साठीला आलेला चालकही डॅशबोर्डवर फोन लावतो. भिवंडीतलं गोदाम शोधायचं असेल तर त्याच्यासारखा आधार नाही, हे तो मोकळेपणानं कबूल करतो. पूर्वी अशा गोदामापाशी पोचायला तीन पानटपऱ्या आणि दोन रिक्षावाले लागायचे, त्यातला एक तरी हमखास उलटीकडे पाठवायचा. जुन्या पद्धतीचं आपण उगाच कौतुक करायला नको. "हे काय, इथंच आहे" असं सांगणाऱ्यांनी किती डिझेल जाळलंय त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. एका चालकानं मला त्याचा नियम सांगितला, तो बहुतेकांचा आहे: "शहरात फोन, घाटात माणूस."

हा नियम असाच का झाला, ते समजून घेऊ. त्यासाठी फोनला नेमकं काय कळतं ते आधी बघावं लागेल.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटरवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथं आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत." फोन ते ऐकतो, संदेश यायला किती वेळ लागला ते बघतो, त्यावरून अंतर काढतो. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात प्रकाश 300 मीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढंसं चुकलं तरी तुम्ही शेजारच्या गावात! फोनचं घड्याळ काही इतकं अचूक नसतं, म्हणून तीनऐवजी चार उपग्रह लागतात. चौथ्यावरून घड्याळाची चूक काढतात. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे. ती बंद झाली आणि रस्त्यावर वापरण्याजोगी अचूकता सगळ्यांच्या हातात आली.

पण लक्षात घ्या, उपग्रह फक्त 'तू कुठं आहेस' एवढंच सांगायला मदत करतो. रस्ता तो सांगत नाही. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असते, तिनं अर्धं आकाश झाकलं जातं, संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो. बोगद्यात तर येतच नाही. उड्डाणपुलावर आहात की खालच्या सर्व्हिस रोडवर, यातही फोनची गफलत होते. हे दोष चालकांना पाठ आहेत आणि त्यांची फारशी तक्रारही नाही. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे.

वेळेचा अंदाज नकाशा कसा देतो? त्याच रस्त्यावर चाललेल्या बाकीच्या फोनांच्या वेगावरून. 2020 साली बर्लिनमधल्या एका कलाकारानं हातगाडीत 99 फोन भरले आणि ती गाडी मोकळ्या रस्त्यावरून ओढत नेली. नकाशात तो रस्ता लाल झाला! ही झाली गंमत. पण आपल्याकडच्या घाटात हे फोन मुख्यतः मोटारींमधले असतात. नकाशा सांगतो चाळीस मिनिटं. दहा चाकी गाडी, माल धरून वजन 28 टनांच्या घरात, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाते. तिला चाळीस मिनिटं कशी पुरणार? दुचाकीसाठी आपल्याकडे रोजच्या नकाशात वेगळी सोय आहे, मोटारीसाठी आहे; बहुतेक चालक वापरतात त्या नकाशात ट्रक नावाचं वाहनच नाही. उंच जातीचा कंटेनर साडेनऊ फुटांचा असतो, खालच्या ट्रेलरची उंची मिळवली की चौदा फुटांच्या वर जातो. जवळच्या रस्त्यावर रेल्वेखालचा बुटका पूल असेल तर नकाशाला त्याचं सोयरसुतक नाही. चाळीस फुटी ट्रेलर मागे घेणं म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल.

आता उताराबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथं प्रश्न जिवाचा आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून मुंबईकडे निघालात की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथं एका अवजड वाहनानं चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली होती, तुम्हाला आठवत असेल. नकाशावर हा पट्टा कसा दिसतो? रुंद, सरळ, निळी रेघ. साधा गणिताचा प्रश्न आहे. 28 टनांची गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती ऐंशी-पंच्याऐंशी लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी असते. ती जाणार कुठं? एक तर इंजिनानं अडवायची, नाही तर ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठणार. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही कमी होते. पाय दाबला जातो आणि गाडी थांबत नाही. त्यात गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनाची अडवणूक शून्य, आणि इंजिन मंद चालत असल्यानं ब्रेकसाठी लागणारी हवाही हळू भरते. पुन्हा पुन्हा ब्रेक मारला की हवेचा दाब उतरत जातो.

मग चालक न्यूट्रल का करतात? डिझेल वाचावं म्हणून. खरं तर आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर उतारावर डिझेल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतं. जुन्या उस्तादांचा धडा होता की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. हा धडा क्लीनरला मिळायचा. चार-पाच वर्षं शेजारी बसून, चाकाखाली दगड लावून, शिव्या खाऊन. आता खर्च वाचवायला क्लीनर काढून टाकलेत. पोरगं एकटं गाडीवर बसतं आणि त्याचा उस्ताद म्हणजे फोन. 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हे फोन सांगतो, 'इथं तिसरा टाक' हे सांगत नाही.

नकाशाला ऋतूही कळत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात रात्री थेट पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढलं की तिथला पूल बुडतो. हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत, पण फोनमध्ये रस्ता चालू होता. गाडी चालवणाऱ्याचा बुडून मृत्यू झाला. चालकांशी बोलताना हा प्रसंग कुणी ना कुणी काढतोच. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी त्या वळणावर कुणालातरी विचारलं असतं. मला हे पटतं, पण अर्धंच. रात्री विचारायला माणूस असायला हवा, आणि अनोळखी ठिकाणी रात्री ट्रक थांबवायला चालक स्वतःच घाबरतात. डिझेलची चोरी, मालाची चोरी, याच्या गोष्टी त्यांच्याकडूनच ऐकाव्यात.

म्हणून चालकांनी तिसराच मार्ग काढलाय. फोन आहेच, पण नकाशासाठी नाही, एकमेकांसाठी. आंबा घाटात दरड आली की कोल्हापूरच्या बाजूनं वर आलेला पहिला चालक बोलून निरोप पाठवतो, अर्ध्या तासात तो रत्नागिरीपर्यंत पोचतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याची उघडझाप, रस्त्यावर टाकलेल्या झाडाच्या फांद्या, या जुन्या खुणांचाच हा पुढचा अवतार.

आता खरी कुरबुर कशाबद्दल आहे ती सांगतो. रस्ता ठरवायचा अधिकार. गाडीत ट्रॅकर बसवलेला असतो, शेठ ऑफिसात बसून ठिपका बघतो. चालक कुंभार्ली घाट टाळून लांबून निघाला की फोन येतो, "तिकडं कुठं चाललास?" त्यात ई-वे बिल. साध्या मालाला 200 किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. वाढवून घेता येते, पण उशिराचा जाब चालकालाच विचारला जातो. पूर्वी शेठला कळायचं ते गाडी पोचल्यावर. मधले निर्णय चालकाचे. त्यातून लबाडी व्हायची हेही खरं आहे, आडरस्त्यानं जाऊन टोलचे रोख पैसे खिशात घालणारे होतेच. फास्टॅगनं ते बंद झालं आणि मालकाची बाजू मला समजते. पण घाटात पाऊस किती आहे हे ठिपक्यात दिसत नाही. ठिपका बघणारा माणूस वेळ मोजतो आणि उतारावर त्या वेळेची भरपाई चालक वेगानं करतो.

समृद्धी महामार्गाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत दिसलं. 701 किलोमीटर, इगतपुरीच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो, तिथं रस्ता कुणालाच विचारावा लागत नाही. तक्रार वेगळीच, झोप येते.

शेवटी एक व्यवहारातली गोष्ट. पावसाळ्यात भोर-महाडचा वरंधा घाट अवजड वाहनांसाठी बंद करतात. तो आदेश जिल्हाधिकारी काढतात. आदेश असतो कागदावर, सही-शिक्क्याचा. त्याचा फोटो काढून तो गटागटांतून फिरतो, वर्तमानपत्रात येतो. नकाशाला कागदाचा फोटो वाचून रस्ता बंद करता येत नाही. तारीख, घाट, वाहनाचा प्रकार, इतके तीन रकाने भरून हीच माहिती सर्व नकाशांना एकाच वेळी मिळेल अशी सोय केली, तर भोरच्या फाट्यावर रात्री दोन वाजता अडकून पडणाऱ्या, ट्रेलर मागे घ्यायला जागा नसलेल्या चालकाला ती निघण्याआधीच दिसेल. प्रश्न असतील तर घेऊ.