मळ्याचे राखणदार

सातारा जिल्ह्यात कऱ्हाड येथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात. कऱ्हाडाला लागूनच, आगाशिवाच्या डोंगराच्या पायथ्याशी, मलकापूर हे गाव वसले आहे. नद्यांनी आणलेल्या गाळाची काळी जमीन आणि मुबलक पाणी यांमुळे हा सारा परिसर उसाचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु उसाला तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते; तोपर्यंत घरखर्चाला हाती पैसा हवा, म्हणून अनेक शेतकरी जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर भाजीपाला करतात. त्यांतील एक महत्त्वाचे पीक म्हणजे टोमॅटो. रोपे लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फळे तोडणीस येतात, आणि मग काही आठवडे तोडणी चालूच राहते.

हे पीक लवकर पैसा देते, तसाच आधी पैसा मागतेही. रोपे, खत, बांबूच्या काठ्या, तार, बांधणीची मजुरी असा खर्च पहिले फळ दिसण्यापूर्वीच झालेला असतो. अशा वेळी हिरव्या फळावर एखादे वाटोळे छिद्र दिसले की शेतकऱ्याच्या काळजात धस्स होते. छिद्र पडलेले फळ लवकरच सडते, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही.

हे छिद्र पाडणाऱ्या किड्याला फळ पोखरणारी अळी असे म्हणतात. हीच अळी हरभऱ्याच्या घाट्यांत शिरते, म्हणून तिला घाटे अळी असेही नाव आहे. तूर, कापूस, मका, ज्वारी यांपैकी कोणतेही पीक तिला वर्ज्य नाही. तिच्याशी झगडावयाचे तर प्रथम तिचा जीवनक्रम समजून घेतला पाहिजे.

रात्री उडणारी पतंगाची मादी टोमॅटोच्या पानांवर आणि फुलांजवळ खसखशीच्या दाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी एकेक करून घालते. एका मादीपासून शेकडो अंडी निपजतात. तीन ते पाच दिवसांत अंड्यातून अळी बाहेर पडते. ती आरंभी कोवळी पाने खाते आणि थोडी मोठी होताच फळाकडे वळते. शरीराचा पुढचा भाग फळात खुपसून आणि मागचा भाग बाहेर ठेवून ती आतला गर खाते. एक फळ पुरते न संपविताच ती दुसऱ्यावर जाते; म्हणून थोड्या अळ्याही पुष्कळ नासाडी करतात. दोन-तीन आठवड्यांत सुमारे चार सेंटिमीटर लांब झाल्यावर ती जमिनीवर उतरते, मातीत शिरते आणि तिचा कोष होतो. पुढे त्या कोषातून पतंग बाहेर येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा या चार अवस्था होत. निसर्गाने या प्रत्येक अवस्थेमागे कोणी ना कोणी शत्रू लावून दिला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे शत्रू म्हणजे त्याच्या मळ्याचे बिनपगारी राखणदारच होत.

विसाव्या शतकात माणसाला या राखणदारांचा काही काळ विसर पडला. १९३९ साली डीडीटी या रसायनाची कीटकनाशक शक्ती उघड झाली आणि शेतीवरील किडींचा आता कायमचा बंदोबस्त झाला असे अनेकांना वाटू लागले. परंतु विषारी फवाऱ्याला शत्रू आणि मित्र यांतील भेद कळत नाही. किडींबरोबर त्यांना खाणारे कीटकही मेले. शिवाय प्रत्येक फवाऱ्यातून काही चिवट अळ्या वाचत. त्यांची संततीही चिवट निघे, आणि काही वर्षांनी तेच औषध निरुपयोगी ठरे. अमेरिकन लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथातून या अनर्थाकडे जगाचे लक्ष वेधले. आपल्या देशात १९८७ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील कापसावर हीच घाटे अळी इतकी माजली, की फवारण्यांमागून फवारण्या करूनही ती आटोक्यात येईना. राखणदारांना हाकलून दिले, तर राखण धन्यालाच करावी लागते, हा धडा तेव्हा अनेकांना फार महाग पडला.

आता एकेका अवस्थेचा राखणदार पाहू.

अंड्यांचा शत्रू म्हणजे ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली गांधीलमाशी. तिची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही. ती पतंगाचे अंडे शोधून काढते आणि त्याच्या आत आपले अंडे घालते. तिचे पिल्लू आतील द्रव्यावर वाढते. पतंगाचे अंडे काळे पडते आणि काही दिवसांनी त्यातून अळीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर पडते. प्रयोगशाळांत तांदळावरील पतंगाच्या अंड्यांत या माश्या वाढवितात आणि ती अंडी जाड कागदावर चिकटवून त्याची ट्रायकोकार्डे तयार करतात. कार्डाचे तुकडे पानांच्या खालच्या बाजूस टाचले, की माश्या मळ्यात पसरून आपले काम सुरू करतात.

अंडी एका जागी गोळा करण्याची एक सुंदर युक्ती बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने सुचविली आहे. या पतंगाच्या मादीला झेंडूचे फूल फार आवडते. म्हणून टोमॅटोच्या चौदा ते सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. मात्र दोन्ही पिके एकाच सुमारास फुलली पाहिजेत. यासाठी लावणीच्या वेळी झेंडूचे रोप सुमारे ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे सुमारे २५ दिवसांचे घेतात. मादी झेंडूवर अंडी घालते आणि टोमॅटो पुष्कळसा वाचतो. तेथील अळ्या वेचून नष्ट करणे सोपे जाते. दसऱ्याच्या सुमारास पीक असेल, तर चांगली फुले बाजारात विकताही येतात.

अळीचे शत्रू अनेक आहेत. त्यांतील एक तर डोळ्यांना दिसतही नाही. हा एक विषाणू असून तो शेतकऱ्यांत एचएएनपीव्ही या नावाने ओळखला जातो. विषाणू लागलेले पान खाल्ल्यावर अळी रोगी होते, झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तेथे उलटी लोंबकळून मरते. तिचे शरीर फुटून पाझरणारा द्रव खालच्या पानांवर पडतो आणि तो इतर अळ्यांचा काळ ठरतो. दुसरा शत्रू म्हणजे एक जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशमाच्या किड्यांवरील रोगाचा शोध घेताना तो प्रथम आढळला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांतावरून त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव मिळाले. त्याने तयार केलेले विष अळीच्या आतड्याला भोके पाडते. माणसाच्या पोटात मात्र ते अपाय करीत नाही. हे दोन्ही उपाय सायंकाळी फवारतात, कारण प्रखर उन्हाने त्यांची शक्ती नाहीशी होते. जेथे जवळपास रेशमाचे किडे पाळले जातात, तेथे या जिवाणूची फवारणी करू नये.

कडुनिंब तर आपल्या दारचाच वैद्य आहे. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून आणि त्यात पाणी घालून शंभर लिटर केले, की पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क तयार होतो. हा अर्क फवारलेली पाने अळीला खाववत नाहीत. जी खाते, तिला नीट कात टाकता येत नाही आणि तिची वाढ खुंटते.

पक्षीही आपली पाळी करतात. मळ्यात पिकाहून उंच, आडवी काठी बांधलेले खांब रोवले, की कोतवाल, साळुंकी यांना बसायला जागा मिळते. तेथून ते अळ्या टिपतात. वेडा राघू तर उडते किडे हवेतच पकडतो.

पतंगांची वर्दी कामगंध सापळा देतो. मादीच्या गंधासारखा गंध रबराच्या लहानशा ल्यूरमध्ये भरून सापळ्यात ठेवतात. नर पतंग फसून आत शिरतात. सापळ्यातील पतंगांची संख्या वाढू लागली, की लवकरच पानांवर अंडी दिसणार हे शेतकऱ्याने ओळखावे. सापळ्याने सारे पतंग संपत नाहीत. परंतु संकट येण्यापूर्वी त्याची बातमी कळते, आणि शेतीत बातमी वेळेवर मिळणे हेही थोडे नव्हे.

राहता राहिला कोष. पीक निघाल्यावर जमीन खोल नांगरली, की मातीत लपलेले कोष वर येतात. काही उन्हाने करपतात, काही पक्ष्यांच्या चोचीत जातात.

या कामाला कधीच पूर्णविराम नसतो. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय लोकांबरोबर तो काही शतकांपूर्वी आपल्याकडे आला आणि वेलवांगे, भेदरे अशी नावे घेऊन येथलाच झाला. त्याच खंडातील टुटा नावाची नागअळी मात्र भारतात प्रथम आढळली ती २०१४ साली, आणि तीही आपल्या पुणे परिसरात. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून खाते; त्यामुळे पान जळाल्यासारखे दिसते. पुढे ती फळातही घुसते. ती पानाच्या आत सुरक्षित असते, म्हणून तिच्यावर वरून केलेला फवारा पुष्कळदा वाया जातो. तिच्यासाठीही कामगंध सापळे लावणे, किडकी पाने खुडून नष्ट करणे आणि टोमॅटोमागून पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा बटाटा न घेणे, हेच उपाय कामास येतात.

हे सारे उपाय तत्काळ चमत्कार दाखवीत नाहीत. विषाणू लागलेली अळी मरावयास काही दिवस लागतात. म्हणून उशीर न करता, अळ्या लहान असतानाच कामास लागले पाहिजे. आठवड्यातून दोनदा तरी मळ्यात फिरून पानांची खालची बाजू पाहावी. किडलेली फळे बांधावर फेकू नयेत. ती गोळा करून खोल पुरावीत. आणि हे एकट्याने करून भागत नाही. पतंगाला बांध दिसत नाही. शेजारच्या शेतातील कोषातून निघालेली मादी एका रात्रीत या शेतात येते. सर्व शिवाराने एकाच वेळी झेंडू लावला, सापळे टांगले आणि नांगरट केली, तरच प्रत्येकाच्या श्रमाचे चीज होते.

आकाराने मिलिमीटरहून लहान असलेली गांधीलमाशी शेतकऱ्याजवळ काही मागत नाही. तिला विषाच्या फवाऱ्याने मारू नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ज्या मळ्यात ती जगते, त्या मळ्यात धन्याच्या नजरेबरोबर आणखी हजारो नजरा अहोरात्र राखण करीत असतात.