हातातला हिशोब, कागदावरचा हिशोब

सतरा क्विंटल धान विकायचं आहे. सोसायटीच्या खरेदी केंद्रावर ते चाळीस किलोच्या कट्ट्यांत भरून द्यायचं. कट्टे किती लागतील? दुर्ग जिल्ह्यात भिलाईजवळच्या उतईच्या परिसरात नोव्हेंबर ते जानेवारी हा प्रश्न घरोघरी असतो. ज्यांनी जन्मभर धान मोजलं आहे ते क्विंटलला अडीच कट्टे धरतात आणि साडेबेचाळीस सांगून मोकळे होतात. हेच गणित वहीत १७०० भागिले ४० असं मांडून दिलं, तर त्यांतलेच कितीतरी जण वही परत करतील आणि आपल्याला गणित येत नाही म्हणतील.

प्रौढांच्या गणितशिक्षणाचा विचार इथूनच सुरू करायला हवा. मोठ्या वयात शिकायला बसणारा माणूस कोरा नसतो. हिशोब त्याच्या हातात असतो, तो कागदावर कसा उतरतो हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. आणि आज पैशाचे सगळे व्यवहार कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर होतात.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी बाजारात नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांची परीक्षा घेतली. १९८५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ठेल्यावर गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशोबांपैकी ९८ टक्के हिशोब मुलांनी बरोबर सोडवले. तेच आकडे कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिले, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यातही बाजारातलं गणित वहीत उतरलं नाही. उलट्या दिशेनेही तेच दिसलं. शाळेत शिकणारी मुलं वहीतली गणितं बरी सोडवत होती, पण बाजारातल्या हिशोबात अडखळत होती. म्हणजे दोन्हींकडे अर्धंच गणित होतं.

छत्तीसगडच्या या पट्ट्यात हातातल्या गणिताची परंपरा दांडगी आहे. जुनी माणसं कोरीने मोजतात. कोरी म्हणजे वीस, म्हणून पन्नास म्हणजे दोन कोरी दहा. धान मोजायचा काठा, वीस काठ्यांची खांडी, वीस खांड्यांचा गाडा. विदर्भातून इकडे आलेल्या मराठी घरांना हे परकं वाटू नये, कारण आपल्याही आज्या विसांनी मोजत आणि खंडी हा शब्द आपल्याकडेही आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात रतनपूरपर्यंत पोहोचली, पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, आणि १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटल्यावर कारखान्याने देशभरातून माणसं ओढून आणली. मापं, शब्द आणि हिशोबाच्या रीती या वाटेने सतत ये-जा करत राहिल्या.

मराठी शाळांमध्ये एकेकाळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. कट्ट्यांचं वर दिलेलं गणित म्हणजे शुद्ध अडीचकी. जमिनीचंही तसंच आहे. सरकारी नोंदीत रकबा हेक्टरमध्ये असतो आणि धान खरेदीची मर्यादा एकरावर, एकरी २१ क्विंटल. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, जवळपास अडीच. ०.८ हेक्टरचे अडीचकीने दोन एकर होतात, काटेकोर मोजले तर १.९७६. मनातला अंदाज इतका जवळ असेल, तर कोणी कागदावर दीडच एकर लिहिला की तो लगेच डोळ्यांत खुपेल. हे पाढे अभ्यासक्रमातून गेले, याने मोठ्यांच्या गणिताचं मोठं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं तेव्हा प्रौढांना किती गणित यावं याची पातळी ठरवली गेली. शंभरपर्यंत अंक, साधी बेरीज-वजाबाकी, छोटे गुणाकार-भागाकार, वजन-मापं, पैसे, अंतर, वेळ, आणि व्याज व प्रमाणाची थोडी कल्पना. ही थोडी कल्पना अपूर्णांक टाळून द्यायची होती! हेतू ओझं हलकं करण्याचा असावा. पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे तर निरक्षर माणसाचे सर्वांत ओळखीचे आकडे. तेच वगळल्यावर हातात आयतं असलेलं गणित वर्गाच्या दाराबाहेर राहिलं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला घडलेली गोष्ट या संदर्भात प्रत्येक साक्षरता वर्गात सांगितली पाहिजे. माण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथल्या कष्टकरी बायकांना बचतीसाठी स्वतःची बँक हवी होती. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला. तो नाकारला गेला, कारण प्रवर्तक सभासदांमध्ये बऱ्याच जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका गावात परतल्या आणि दिवसभराच्या कामानंतर लिहाय-वाचायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हाला शाळा मिळाली नाही हा आमचा दोष नाही, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. मग आव्हान दिलं: कोणतीही मुद्दल सांगा, आम्ही व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनीही ते कॅल्क्युलेटर न घेता काढावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षरं त्या नव्याने शिकल्या होत्या. व्याजाचा हिशोब मात्र त्यांना आधीपासून येत होता, कारण सावकाराचं व्याज त्यांनी वर्षानुवर्षं भरलं होतं.

आता व्याजाकडेच वळू, कारण हिशोब न आल्याची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते.

गावात व्याज महिन्याच्या शेकड्यावर बोललं जातं. शेकडा दोन म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये, वर्षाला चोवीस. शेकडा तीन म्हणजे छत्तीस. संस्थेचा माणूस मात्र वर्षाचा दर सांगतो. एकीकडे दोन आणि दुसरीकडे बारा ऐकून दोनचं कर्ज स्वस्त वाटू शकतं, प्रत्यक्षात ते दुप्पट महाग असतं. म्हणून पहिली सवय ही: महिन्याच्या दराला बाराने गुणायचं, मगच तुलना करायची.

दुसरा फास अधिक बारीक आहे. समजा ४०,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले आणि दर सांगितला बारा टक्के, फ्लॅट. व्याज झालं ९,६००, एकूण परतफेड ४९,६००, महिन्याचा हप्ता सुमारे २,०६७. हिशोब सरळ दिसतो. पण दर महिन्याला आपण मुद्दलही फेडत असतो. वर्षभराने निम्म्याच्या आसपास कर्ज उरलेलं असतं आणि व्याज मात्र अजून पूर्ण चाळीस हजारांवर चालू असतं. तेच बारा टक्के उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे घटत्या शिलकीवर लावले, तर हप्ता सुमारे १,८८३ येतो आणि दोन वर्षांचं व्याज ५,२०० च्या आत राहतं. फ्लॅट बारा टक्क्यांचा खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे कळायला बीजगणित लागत नाही. हप्ता गुणिले महिने, त्यातून हातात पडलेली रक्कम वजा. उरेल ते कर्जाचं भाडं. दोन संस्थांचं कर्ज सारख्याच रकमेचं आणि सारख्याच मुदतीचं असेल, तर एवढ्याने स्वस्त कोणतं ते कळतं.

आणि कागद मागायचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्थांना, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, महत्त्वाच्या बाबींचं विवरणपत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा एकूण दर छापलेला असतो. सूक्ष्म कर्जांसाठी घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, असा २०२२ चा नियम आहे. बारा हजार येणाऱ्या घरात नव्या सूक्ष्म कर्जाने हप्ते सहा हजारांच्या वर गेले, तर ते कर्ज देताना नियम मोडला आहे. पण हे ओळखायलाही निम्मं काढता यावं लागतं.

टक्क्यांची भीती घालवायची वाट सोपी आहे. दहा टक्के म्हणजे दहावा भाग, पाच त्याच्या निम्मे, एक टक्का शंभरावा भाग. बाकी सगळे या तिघांतून जुळतात. ६५० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर? वीस टक्के १३०, त्यातून दोन टक्के म्हणजे १३ वजा, ११७. हे आठवडाभर खऱ्या बिलांवर केलं की हात बसतो.

भीती मात्र खरी असते आणि ती एकट्या अशिक्षितांची नसते. ब्रिटनमध्ये १९८२ च्या कॉक्रॉफ्ट समितीसाठी मोठ्यांच्या मुलाखती घेताना विषय गणिताचा आहे हे कळल्यावर अनेकांनी बोलायलाच नकार दिला. साध्या हिशोबानेही लोकांना अपराधी आणि असहाय वाटतं, अशी नोंद त्या अहवालात आहे. म्हणून प्रौढांच्या वर्गात वेळ लावून परीक्षा आणि चारचौघांत उत्तर विचारणं या दोन्ही गोष्टी घातक ठरतात. दुकानदार मोड परत देताना वजाबाकी करत नाही, ३६५ पासून ५०० पर्यंत चढत जातो: पाच, तीस, शंभर. मोठा माणूस असंच उत्तर काढत असेल, तर त्याला हातच्याची वजाबाकी शिकवायचा हट्ट कशाला? त्याचीच रीत त्याला कागदावर लिहून दाखवावी.

केंद्राचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या कोणालाही त्यात शिकता येतं आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. शेवटी होणाऱ्या चाचणीचे १५० गुण असतात: वाचन ५०, लेखन ५०, अंकज्ञान ५०. एक तृतीयांश गुण गणिताला आहेत, ही चांगली गोष्ट. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगडची साक्षरता ७०.२८ टक्के होती, स्त्रियांची ६०.२४. आता मार्च २०२४ पासून महतारी वंदन योजनेचे महिन्याला हजार रुपये यांतल्या अनेक स्त्रियांच्या खात्यात येतात. पासबुक त्यांच्या नावाचं आहे, तर ते वाचायलाही त्यांनाच यायला हवं.

भिलाई, दुर्ग, उतईकडच्या मराठी घरांना एवढंच सांगणं. घरात, शेजारी किंवा कामाला येणाऱ्या मावशींकडे हप्त्यांचं कार्ड असेल, तर या रविवारी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसा. हप्ता गुणिले महिने, वजा हातात आलेली रक्कम. पेन त्यांच्या हातात द्या, आकडे त्यांनाच लिहू द्या, आणि एकूण दर छापलेलं विवरणपत्र संस्थेकडून मिळालं नसेल, तर ते मागायला त्यांच्याबरोबर जा.