विषाणू, प्रतिपिंडे आणि डॉ. सुनीती सोलोमन



चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधून सेंट्रल स्टेशनकडे चालत गेलात, तर स्टेशनासमोर मद्रास मेडिकल कॉलेज लागते. 1986 मध्ये डॉ. सुनीती सोलोमन येथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे; चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या.

एड्स हा परदेशातला आजार, असाच तेव्हा इथे समज होता. सुनीतीबाईंनी मात्र आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, हाच विषय प्रबंधासाठी दिला. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवले. चाचणीची सोय चेन्नईत नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा नमुने पिवळे झाले.

हा रंग कशाचा? ही एलायझा चाचणी. ती विषाणू शोधत नाही, शरीराने त्याला दिलेले उत्तर शोधते. प्लेटवर विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर ती तिथे धरून बसतात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात, ते पहिल्याला चिकटते आणि विकरामुळे रंग येतो. म्हणूनच संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होईपर्यंतच्या काळात ही चाचणी फसू शकते.

ती उलटही फसते. समजा, 100 निरोगी माणसांपैकी एकाला ती चुकून बाधित ठरवते. 1,000 जणांत खरा बाधित एकच असेल, तर त्याच्याबरोबर सुमारे 10 निरोगी माणसेही बाधित ठरतील! (हे गणित माझ्या अभियांत्रिकीच्या वर्गातही बरेच जण चुकतात.) आणि इथे चुकीची किंमत एका बाईचे आयुष्य होती. म्हणून त्या सहा जणींचे रक्त पुन्हा घेतले गेले आणि अमेरिकेत वेस्टर्न ब्लॉट या वेगळ्या पद्धतीने तपासले गेले. निकाल तोच आला. भारतातील एचआयव्हीची ही पहिली नोंद.

हा विषाणू इतका घातक का? प्रतिकारशक्तीला आदेश देणाऱ्या सीडी-4 पेशींमध्येच तो शिरतो. एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण 500 हून अधिक असतात. 200 च्या खाली गेल्या की एरवी किरकोळ ठरणारे जंतूही जिवावर उठतात.

सुनीतीबाईंनी पुढची सगळी कारकीर्द याच विषाणूला दिली. 1993 मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र काढले. डॉक्टरही रुग्णाला हात लावायला कचरत असत, त्या काळात तिथे उपचार आणि समुपदेशन एकाच छताखाली मिळू लागले.