गवत कापताना पीटीओचा वेग किती हवा? ५४०, ५४०-ई आणि १००० मधला फरक समजून घ्या

डिझेल वाचावे म्हणून रेस कमी ठेवून मोअर चालवला, की गवत कापले जाण्याऐवजी फाटते. रेस जास्त झाली, तर गिअरबॉक्स आणि माणूस दोघांनाही धोका. मग योग्य आकडा कोणता आणि तो कसा ठरवायचा?

पावसाळा सरत आला की माळरानावरचे मारवेल, शेडा यांसारखे गवत फुलोऱ्यावर येते. चाऱ्यासाठी ते वेळेत कापावे लागते. लसूण घासाची कापणी तर साधारण २५ ते ३० दिवसांनी पुन्हा येते. मजूर वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे ट्रॅक्टरमागे स्लॅशर किंवा ड्रम मोअर जोडून कापणी करणारे शेतकरी वाढत आहेत. यंत्र घेताना ट्रॅक्टर किती एचपीचा लागेल, याची चौकशी सगळे करतात. पीटीओचा वेग मात्र अनेकदा विचारातच घेतला जात नाही.

पीटीओचा वेग म्हणजे काय?

पीटीओ म्हणजे पॉवर टेक-ऑफ. ट्रॅक्टरच्या मागे बाहेर आलेला, खाचा असलेला हा शाफ्ट इंजिनची ताकद मागच्या यंत्राला देतो. तो मिनिटाला किती फेरे घेतो, तो त्याचा वेग म्हणजेच आरपीएम. ५४० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९ फेरे.

हा वेग इंजिनच्या वेगाशी बांधलेला असतो. समजा, माहितीपुस्तिकेत ‘५४० पीटीओ @ १८०० इंजिन आरपीएम’ असे लिहिले आहे. याचा अर्थ इंजिन १८०० वर फिरत असेल तेव्हाच पीटीओ ५४० वर असतो. इंजिन १४०० वर आणले की पीटीओ ४२० वर येतो. लिव्हर ५४० वर टाकला म्हणजे ५४० मिळाले, असे होत नाही. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो. अनेक ट्रॅक्टरच्या आरपीएम मीटरवर ५४० साठी वेगळी खूण असते.

गवताला एवढा वेग का लागतो?

विळ्याने कापताना डाव्या हातात गवताची मूठ धरलेली असते. कडबा कुट्टीत चारा एका स्थिर कडेवर टेकतो आणि फिरते पाते तो कापते. स्लॅशर, ड्रम मोअर किंवा डिस्क मोअरमध्ये गवताला असा आधार नसतो. ताट वाकून बाजूला सरण्याआधीच पाते त्यातून आरपार गेले पाहिजे. त्यामुळे पात्याचा वेग हीच इथली खरी धार.

एक हिशेब पाहू. स्लॅशरच्या पात्यांचा घेर दीड मीटर व्यासाचा आहे आणि पीटीओ ५४० वर असताना पाती ९०० आरपीएमने फिरतात, असे धरा. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर होतो, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर. पीटीओ ४२० वर आला की हाच वेग ५५ मीटरवर उतरतो. फरक लहान वाटतो. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे ती थेट ६० टक्क्यांवर येते. मग कोवळे गवत नुसते आडवे पडते, जाड ताट चिरफाळते आणि ओला चारा यंत्रात तुंबतो. फाटलेल्या खोडाची जखम मोठी असते. ती भरून नवा फुटवा यायला वेळ लागतो आणि पुढची कापणी लांबते.

मग हळू जायचे कसे?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दाट गवत आले की चालक रेस कमी करतो. त्याच गिअरमध्ये रेस कमी केली, तर ट्रॅक्टर आणि पाती दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. पात्याच्या प्रत्येक फटक्याला येणारे गवत तेवढेच राहते आणि फटक्याचा जोर तेवढा घटतो.

वरच्याच स्लॅशरला दोन पाती आहेत, असे समजा. ९०० आरपीएमला मिनिटाला १८०० फटके बसतात. ट्रॅक्टर ताशी ६ किलोमीटरने चालत असेल, तर दर फटक्याला यंत्र साडेपाच सेंटीमीटर पुढे सरकते. रेस तशीच ठेवून खालचा गिअर टाकला आणि वेग ताशी ४ किलोमीटर केला, तर हेच अंतर ३.७ सेंटीमीटर होते. जोर कायम राहतो आणि प्रत्येक फटक्याचे काम हलके होते. म्हणून कापणीचा साधा नियम असा: चाकांचा वेग गिअरने कमी करायचा, रेसने नाही.

५४०-ई कधी वापरावा?

‘ई’ म्हणजे इकॉनॉमी. यात पीटीओ ५४० वरच फिरतो, पण त्यासाठी इंजिनला कमी फेरे घ्यावे लागतात. पात्याचा वेग न घटवता डिझेल वाचवण्याचा हा योग्य मार्ग आहे. अट एकच. कमी आरपीएमवर इंजिनची ताकदही कमी मिळते. बागेतल्या ओळींमधले विरळ गवत, छोटा मोअर आणि त्यामानाने मोठा ट्रॅक्टर असेल, तर ५४०-ई चालतो. गवत दाट, ओले किंवा जाड ताटांचे असेल, तर साधा ५४० घ्यावा. ५४०-ई वर इंजिन दबत असेल, काळा धूर येत असेल किंवा मीटरचा काटा खाली येत असेल, तर काम त्या सेटिंगच्या आवाक्याबाहेरचे आहे.

१००० आरपीएम कोणासाठी?

ताकद म्हणजे पीळ गुणिले वेग. तेवढीच ताकद ५४० वर पोहोचवायची, तर शाफ्टवर १००० च्या तुलनेत सुमारे १.८५ पट पीळ येतो. म्हणून मोठ्या ट्रॅक्टरवरच्या रुंद आणि जड यंत्रांसाठी १००० वापरतात. तेवढाच पीळ सोसणारा शाफ्ट त्यावर जास्त ताकद वाहून नेतो. ५४० साठी बनवलेल्या मोअरला १००० वर चालवून काम लवकर उरकेल, हा समज चुकीचा आणि धोकादायक आहे. वेग १.८५ पट होतो, पण पात्यांना बाहेर खेचणारा जोर जवळपास साडेतीन पट होतो. बोल्ट तुटून पाते उडू शकते. उलट, १००० चे यंत्र ५४० वर लावले तर पाती जवळपास अर्ध्याच वेगाने फिरतात आणि गवत नीट कापले जात नाही.

आयएसओ ५०० या मानकानुसार ५४० च्या शाफ्टला ६ खाचा असतात, तर त्याच ३५ मिलिमीटर जाडीच्या १००० च्या शाफ्टला २१. त्यामुळे चुकीची जोडणी टळते. पण काही ट्रॅक्टरमध्ये एकाच ६ खाचांच्या शाफ्टवर दोन-तीन वेग मिळतात. तिथे शाफ्ट बसला म्हणून वेग जुळला, असे समजू नये. लिव्हर कुठे आहे, ते आधी पाहावे. लिव्हर १००० वर टाकून कमी रेसवर ५४० मिळवण्याची युक्तीही टाळावी. चुकून रेस वाढली, तर यंत्र मर्यादेपलीकडे फिरते.

ग्राउंड स्पीड आणि रिव्हर्स पीटीओचे काय?

ग्राउंड स्पीड पीटीओ चाकांच्या वेगाशी जोडलेला असतो. ट्रॅक्टर मंदावला की पातीही मंदावतात, म्हणून कापणीसाठी तो उपयोगाचा नाही. रिव्हर्स पीटीओ अडकलेले यंत्र मोकळे करण्यासाठी असतो. मोअरच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच तो वापरावा.

क्लचचा प्रश्न

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की पीटीओची ताकदही तुटते. दाट गवतात यंत्र तुंबण्याचे हेही एक कारण आहे. शिवाय जड स्लॅशरची पाती क्लच दाबल्यावरही फिरत राहतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलू शकतात. अशा ट्रॅक्टरवर ओव्हररनिंग कपलर लावणे गरजेचे आहे. ड्युअल क्लचमध्ये अर्धा क्लच दाबून ट्रॅक्टर थांबवता येतो आणि पाती फिरती ठेवता येतात. इंडिपेंडंट पीटीओ असेल, तर काम आणखी सोपे होते.

शाफ्टपासून जपा

सात सेंटीमीटर जाडीचा जोडशाफ्ट ५४० आरपीएमवर सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड गुंडाळू शकतो. धोतर, उपरणे, ओढणी किंवा साडीचा पदर अडकला, तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. १००० वर हेच अंतर साडेतीन मीटरच्या पुढे जाते. शाफ्टवरचे प्लास्टिक आवरण काढून ठेवण्याची सवय म्हणूनच जीवघेणी ठरते. पात्याखाली आलेला दगडही गोळीसारखा सुटतो. कापणी सुरू असताना मुले आणि जनावरे शिवारात जवळपास नकोत.

शेतात जाण्यापूर्वी

• मोअरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेला पीटीओ वेग वाचा.
• ट्रॅक्टरचा तो वेग किती इंजिन आरपीएमवर मिळतो ते पाहून मीटरवर खूण करा.
• पीटीओ कमी रेसवर जोडा, मग रेस हळूहळू खुणेपर्यंत वाढवा.
• पाती पूर्ण वेगात आल्यावरच गवतात शिरा.
• काटा खुणेखाली येऊ लागला तर खालचा गिअर टाका किंवा कापणीची रुंदी कमी घ्या.
• तुंबलेले गवत काढताना पीटीओ सोडवा, इंजिन बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत खाली हात घालू नका.

पहिल्या दहा-पंधरा मीटरनंतर थांबून मागे राहिलेली खुंटे पाहा. टोके स्वच्छ आणि सारख्या उंचीची असतील, तर वेग बरोबर आहे. टोके चिरलेली आणि रेषा-रेषा झालेली दिसली, तर आधी पात्यांची धार तपासा आणि मग मीटरचा काटा.