पोळ्या मोजता, मग ग्लास का नाही?

दोन केळी, चार खजूर, तीनशे मिलिलिटर टोन्ड दूध, दोन मोठे चमचे पीनट बटर आणि ‘साखर घालायची नाही’ म्हणून वरून एक मोठा चमचा मध. वजन उतरवायला निघालेल्या कित्येक घरांत सकाळी मिक्सरच्या भांड्यात साधारण एवढा ऐवज पडतो. हिशेब मांडला तर केळ्यांच्या दोनशे, दुधाच्या पावणेदोनशे, खजुराच्या नव्वदेक, पीनट बटरच्या एकशे नव्वदच्या आसपास आणि मधाच्या साठ, अशा मिळून सातशेच्या वर कॅलरी होतात. बिनतेलाच्या सहा-सात पोळ्या खाल्ल्या तरी जवळपास तेवढ्याच भरतील. पण पोळ्या ताटात दिसतात, मोजल्या जातात. ग्लास मात्र उभ्याउभ्या रिकामा होतो आणि तासाभराने नाश्ता वेगळा मांडला जातो.

म्हणून स्मूदी वाईट ठरते का? मुळीच नाही. घरी केलेली, विचार करून केलेली स्मूदी हा उत्तम नाश्ता होऊ शकतो. अडचण इतकीच की तिच्याभोवती दोन टोकांचे समज जमा झाले आहेत. एका बाजूला तिला अमृत मानणारे, तर दुसऱ्या बाजूला ‘मिक्सर फिरला की फळातलं सत्त्व संपलं’ असं ठामपणे सांगणारे. दोघांचंही थोडं चुकतं.

मधापासूनच सुरुवात करू, कारण ‘मध म्हणजे साखर नव्हे’ हा समज सगळ्यांत घट्ट आहे. मधात सुमारे चार पंचमांश साखरच असते. एका मोठ्या चमच्यात ती सतरा ग्रॅमच्या घरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये साखरेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांचा रस या सगळ्यांतली साखर त्यांत एकाच गटात धरली आहे. दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा या गटातून यावी आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या खाली, असं ही संघटना सुचवते. दोन हजार कॅलरींचा आहार धरला तर पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. मधाच्या एका चमच्यात त्यातला दोनतृतीयांश वाटा संपतो. गुळाची कथा वेगळी नाही. त्यात थोडी खनिजं असतात हे खरं, पण स्मूदीत पडणाऱ्या चमचाभर गुळातून ती मिळणार किती? खजूर त्यामानाने बरा, त्यात तंतू असतात. तरीही त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही चाटवू नये. बोट्युलिझम या गंभीर आजाराचा धोका असतो.

आता मिक्सरकडे वळू. ‘मिक्सरमध्ये फळातले तंतू नष्ट होतात’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते खरंच वाटायला लागतं. तंतू नष्ट होत नाहीत, बारीक होतात. ते खरोखर जातात रस काढताना, कारण ज्यूसर चोथा बाजूला फेकतो. मिक्सरमध्ये चोथा पेयातच राहतो, अर्थात नंतर कोणी गाळणी लावली नाही तर.

पण बारीक झाल्याने काहीच फरक पडत नाही, असंही नाही. इथे प्रयोगांचे निष्कर्ष मजेशीर आहेत. ‘लॅन्सेट’मध्ये 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करून आणि तंतूविरहित रस काढून. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, साठ ग्रॅम. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने संपला आणि कुस्करलेल्या सफरचंदापेक्षा चार पट वेगाने. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वाधिक आली, रसाने सर्वांत कमी. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली. पण रसानंतर ती झपकन खाली घसरली, कुस्करलेल्या फळानंतर त्याहून कमी आणि अख्ख्या फळानंतर तशी घसरलीच नाही. म्हणजे फरक होता तो चावण्याचा, वेगाचा आणि पोट भरण्याचा.

याउलट, इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017मध्ये वेगळंच चित्र मांडलं. रास्पबेरी, पॅशन फ्रूट अशी बियांची फळं इतर फळांबरोबर ब्लेंडरमधून काढून दिली, तेव्हा रक्तातली साखर तीच फळं अख्खी खाल्ल्यावर चढते त्याहून कमी चढली. नुसत्या आंब्याच्या बाबतीत मात्र अख्खा आणि वाटलेला यांत तसा फरक दिसला नाही. बिया भरडल्या गेल्या की त्यांच्यातले तंतू आणि इतर घटक मोकळे होत असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. प्रयोग लहान होता, माणसं निरोगी होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या पाहणीने 2023मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर सांगितला. त्यांच्यापैकी कोणी एवढ्या बळावर आंब्याचा मोठा ग्लास भरून घ्यावा, असा याचा अर्थ निघत नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरची मर्यादा घालून देते आणि कितीही प्यायलं तरी दिवसाच्या पाच भाज्या-फळांपैकी ते एकच धरते. दीडशे मिलिलिटर म्हणजे घरातला चहाचा कप. हा नियम भारतीय घरांना जरा कडक वाटेल, पण दिशा बरोबर आहे.

केळं हा स्मूदीचा कणा. स्वस्त, गोड आणि दाटपणा देणारं, त्यात जळगावच्या केळ्याला तर 2016पासून भौगोलिक मानांकन आहे. ‘केळं कशातही घाला, चांगलंच’ या समजाला मात्र 2023मध्ये एक बारीकसा धक्का बसला. कापलेलं केळं काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ नावाच्या विकरामुळे. बेरी, द्राक्षं, सफरचंद, कोको यांत फ्लॅव्हनॉल नावाचे हृदयाला उपकारक मानले जाणारे घटक असतात आणि हे विकर नेमकं त्यांच्यावर तुटून पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलातल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी पुरुषांना कधी केळ्याची स्मूदी, कधी बेरींची स्मूदी, तर कधी नुसती फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल दिली. केळ्याच्या स्मूदीनंतर शरीरात पोहोचलेले फ्लॅव्हनॉल कॅप्सूलच्या मानाने 84 टक्के कमी भरले. बेरींच्या स्मूदीत तशी घट नव्हती.

याचा अर्थ केळं टाकून द्या असा नाही. केळ्याचं पोटॅशियम, त्याचे तंतू, त्याची ऊर्जा कुठेही जात नाही. शिकरण खाणाऱ्याने निर्धास्त असावं. एवढंच, की महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा कोको त्यातल्या फ्लॅव्हनॉलसाठी घ्यायचा असेल तर जोडीला केळ्याऐवजी दही, आंबा, अननस किंवा संत्रं घ्यावं.

अननसाचं नाव निघालं तर दुधाचाही प्रश्न मिटवून टाकू. ताजा अननस दह्यादुधात फिरवला तर पहिल्या दोन घोटांना छान लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी कडवट होतो. दूध नासलं, फळ खराब होतं, असं वाटून ग्लास बेसिनमध्ये ओतला जातो. वास्तविक अननसातलं ब्रोमेलेन हे विकर दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्या तुकड्यांची चव कडू असते. पपई आणि किवीही हाच खेळ करतात. फोडी चार-पाच मिनिटं शिजवून गार केल्या की विकर निष्क्रिय होतं. डब्यातल्या अननसाचं फ्रूट सॅलड कडू होत नाही ते याच कारणाने, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. ‘आंबट फळाने पोटात दूध फाटतं’ ही भीतीही अशीच. पोटात गेलेलं कोणतंही दूध तिथल्या आम्लाने फाटतंच, पचनाची सुरुवातच तिथून होते. आयुर्वेद दूध-फळाला विरुद्धाहार म्हणतो आणि ते पाळणाऱ्याने खुशाल पाळावं. आधुनिक पोषणशास्त्राला निरोगी माणसासाठी त्यात वावगं दिसत नाही. दुधाने पोट फुगत असेल तर दोष बहुधा दुग्धशर्करा न पचण्याचा असतो, आणि अशांपैकी अनेकांना दही चालतं.

इथपर्यंतचे गैरसमज फार तर वजनकाट्यावर दिसणारे. पुढचे दोन मात्र थेट दवाखान्यात नेऊ शकतात.

पहिला: ‘हिरवं जितकं जास्त तितकं शरीर स्वच्छ.’ शरीर स्वच्छ ठेवायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज बिनपगारी करत असतात, त्यांना ‘डिटॉक्स’च्या ग्लासाची गरज नसते. उलट कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते नडतं. अमेरिकेतल्या मूत्रपिंडविकारांच्या एका नियतकालिकात 2018मध्ये पासष्ट वर्षांच्या एका बाईची हकिगत छापून आली. हिरव्या स्मूदींच्या ‘शुद्धी’नंतर तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आधी पोटाची बायपास शस्त्रक्रिया आणि बराच काळ चाललेली प्रतिजैविकं यांमुळे ती मुळातच धोक्यात होती, हेही डॉक्टरांनी नोंदवलं आहे. म्हणजे चार पानं पालक घालणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. पालक उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी फेकलं तर बरंच ऑक्झलेट निघून जातं. शिवाय दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं, म्हणून पालक घालायचाच तर दह्याबरोबर बरा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र पालेभाज्यांचं प्रमाण एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरा गैरसमज अधिक घातक आणि अस्सल आपल्याकडचा: ‘कडू आहे म्हणजे औषधी आहे.’ सकाळच्या फेरफटक्यानंतर बागेबाहेर दुधीचा, कारल्याचा रस घेणारे खूप असतात. तोच दुधी घरी आवळा-पुदिन्याबरोबर मिक्सरमध्ये जातो. कारलं कडूच असायचं, पण दुधी कडू लागला तर तो धोक्याचा इशारा असतो. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. दुधीत एरवी ती नगण्य असली तरी एखाद्या फळात वाढतात आणि तो कडू होतो. दुधीच्या कडू रसाने विषबाधा आणि मृत्यू घडल्यावर आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल 2012मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं अशी लक्षणं त्यात नोंदली आहेत. या विषावर ठरावीक उतारा नाही. समितीचा सल्ला सोपा होता. दुधीचा छोटा तुकडा आधी चाखून पाहावा, कडू लागला तर तो अख्खा दुधी टाकून द्यावा. इतर कोणत्या रसात मिसळू नये. आणि पिऊन त्रास झालाच तर लगेच रुग्णालय गाठावं. यातली मिसळू नये ही अट महत्त्वाची, कारण मध, लिंबू, आवळा घातला की जीभ फसते.

बाकीचे समज झटपट निकाली काढता येतील. प्रथिनांची पावडर हवीच, असं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहारसूचनांनी अशा पूरकांपासून दूर राहायला सांगितलं आहे. तीस ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि फुटाण्याचं पीठही तोडीस तोड. बदामाचं पाकीटबंद ‘दूध’ दुधाची जागा घेत नाही; गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात तीनेक ग्रॅम प्रथिनं, तर त्यात बहुधा ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी. जवस अख्खं घातलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, ते भाजून कुटूनच घ्यावं. चिया किंवा सब्जा भिजवल्याशिवाय गिळू नये, घशात फुगतो. गोठवलेली फळं निकृष्ट नसतात. हंगामात घेतलेला जांभळाचा गर किंवा स्ट्रॉबेरी फ्रीझरमध्ये पोषण बऱ्यापैकी टिकवून ठेवते. आणि मिक्सरच्या पात्यांनी जीवनसत्त्वं ‘मरत’ नाहीत. हवेशी संपर्क आल्याने ‘क’ जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं, म्हणून केलेली स्मूदी लगेच प्यावी, एवढंच. भांड्याच्या झाकणातली रबरी रिंग काढून धुवावी. आतल्या खाचेत कालचा गर साचून राहतो, आणि ते कोणाच्याच हिशेबात नसतं.

मग ग्लास असावा कसा? एक वाटी दही, मध्यम पेरू, अर्धं केळं, मूठभर भाजके शेंगदाणे, चमचाभर जवसाची पूड, लागेल तसं पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड. साधारण साडेतीनशे कॅलरी आणि बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, वरून घातलेली साखर शून्य. पेरूमुळे ‘क’ जीवनसत्त्वाचीही चिंता नको. केळं नको असेल तर शिजवून गार केलेली नाचणीची पेज तेवढाच दाटपणा देते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबील पिणाऱ्या घरांना ही युक्ती नवी नाही.

मधुमेह असलेल्यांनी या ग्लासाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी केळं, शहाळ्याचं पाणी यांसारख्या पोटॅशियमच्या पदार्थांबाबत विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. आणि कमरख, म्हणजे ज्याच्या चकत्या चांदणीच्या आकाराच्या दिसतात ते स्टारफ्रूट, अशा रुग्णांनी रसात, स्मूदीत किंवा नुसतंही खाऊ नये. त्यातलं विष मेंदूवर परिणाम करतं आणि त्याने मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत.